प्रकाश, ध्वनी आणि शिल्पांचं प्रायोगिक नाटक: कोल्हापूरच्या प्रेक्षकांचे नेहमीचे प्रश्न

आमच्या या नाटकाचा प्रयोग सुटल्यावर दारात, चहाच्या टपरीवर आणि नंतर मेसेजमधून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. अजून एकही प्रयोग पाहिला नसेल तर ५, ६ आणि ७ हे प्रश्न आत्ता वाचू नका. त्यात काय दिसतं आणि का दिसतं ते उघड सांगितलं आहे.

१. हे नाटक आहे, शिल्पांचं प्रदर्शन आहे की लाइट अँड साउंड शो?

नाटकच. ठरलेल्या वेळी तिसरी घंटा होते, माणसं एकत्र बसतात आणि समोर जे घडतं ते ठरलेल्या क्रमानं घडतं. प्रदर्शनात शिल्पासमोर किती वेळ थांबायचं ते बघणारा ठरवतो, इथे तो वेळ आम्ही बांधलेला असतो. लाइट अँड साउंड शोमध्ये निवेदक इतिहास सांगतो आणि दिवे त्याला साथ देतात. आमच्याकडे निवेदक नाही. प्रकाश, आवाज आणि शिल्प यांच्यात जे चालतं तेच नाट्य, आणि त्यातलं निम्मं रंगमंचावर घडतं, निम्मं बघणाऱ्याच्या डोळ्यांत आणि कानांत. आपल्याला दिसतं आणि ऐकू येतं म्हणजे नेमकं काय होतं, हा या नाटकाचा विषय आहे.

२. संवाद नाहीत, गोष्ट नाही. मग बघायचं काय? आणि काहीच कळलं नाही तर?

जे दिसतंय ते बघा, जे ऐकू येतंय ते ऐका. हे सांगायला सोपं आहे, पण आपल्याला सवय असते ती दिसलेल्या गोष्टीला लगेच नाव देऊन मोकळं व्हायची. पांढरा उभा आकार दिसला की मन म्हणतं बाई, खांब, भूत. प्रकाश जरा सरकला की ते नाव चुकीचं ठरतं आणि मन दुसरं नाव शोधायला लागतं. ही जी शोधाशोध चालते, तिच्याकडे लक्ष गेलं की प्रयोग हाताला लागला असं समजा.

‘यातून लेखकाला काय म्हणायचंय’ हा प्रश्न इथे उपयोगी पडत नाही. रागदारीची मैफल ऐकून आल्यावर आपण कुणाला अर्थ विचारत नाही, आणि कोल्हापुरात देवल क्लब ही संगीतसंस्था १८८३ पासून आहे, म्हणजे अर्थ न विचारता दोन-तीन तास एकाग्र बसण्याची सवय या गावाला नवी नाही. कंटाळा आला तर तोही खरा आहे. मधल्या एखाद्या भागात तो येतो, आणि पुष्कळदा त्याच्या पलीकडे नजर जास्त धारदार होते. पण शेवटपर्यंत कंटाळाच आला असेल तर आमचं काम कमी पडलं. तसं स्पष्ट सांगा.

३. हे सगळं परदेशातून उचललेलं आहे ना? कोल्हापूरचा याच्याशी काय संबंध?

परदेशातल्या लोकांचं ऋण आहेच, ते मानायला हवं. विजेचे दिवे आल्यावर प्रकाशाला रंगमंचावर स्वतंत्र जागा मिळाली, आणि त्याबद्दल पोटतिडकीनं लिहिणाऱ्यांत स्वित्झर्लंडचा अडॉल्फ आपिया (१८६२–१९२८) पुढे होता. नट हाडामांसाचा आणि त्याच्यामागे मात्र सपाट रंगवलेला पडदा, हे त्याला पटत नव्हतं. त्यानं पडद्यांऐवजी पायऱ्या, चौथरे, खांब मांडले आणि त्यांना प्रकाशानं घडवलं. हंगेरीत जन्मलेल्या लास्लो मोहोली-नॉज यानं विजेवर फिरणारं धातूचं शिल्प केलं आणि १९३० मध्ये ते लोकांसमोर आणलं. त्याचा खरा खेळ आसपासच्या भिंतींवर पडणाऱ्या सावल्यांत होता. प्रागचा नेपथ्यकार योसेफ स्वोबोदा आणि अमेरिकेचा दिग्दर्शक रॉबर्ट विल्सन यांनी ही वाट पुढे नेली. आपल्याकडे कोलकात्याचे प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी १९५९ मध्ये कोळशाच्या खाणीत पाणी चढत जातं हा प्रसंग प्रकाशाच्या बळावर उभा केला, त्याची आठवण रंगकर्मी अजून काढतात.

पण कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला मूर्ती आणि प्रकाश यांचं नातं कुणी पुस्तकातून शिकवावं लागत नाही. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव आपण लहानपणापासून बघतो. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून, गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी त्याहून वर, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. ढग किंवा धुरकट हवा आडवी आली की किरण वाटेतच क्षीण होतात आणि सगळी गर्दी हळहळते. तो श्रद्धेचा सोहळा आहे आणि त्याला नाटक म्हणायचा आमचा विचार नाही. मात्र पाषाण, वास्तू, ऋतू आणि प्रकाशाचा कोन यांचा इतका नेमका मेळ ज्यांनी बघितला आहे, त्यांना एका मूर्तीवर काही मिनिटं सरकणारा उजेड बघायला बोलावणं अवघड जात नाही.

दुसरा धागा बाबूराव पेंटर यांचा. हा माणूस नाटकाचे पडदे रंगवायचा, शिल्पं करायचा, त्यानं चित्रपटाचा कॅमेरा कोल्हापुरातच बनवला आणि कृत्रिम प्रकाशात चित्रीकरण करणाऱ्या आपल्या पहिल्या दिग्दर्शकांत त्याची गणना होते. चित्र, शिल्प, रंगमंच आणि यंत्र हे एकाच हातात होते. नंतर आपण त्यांची वेगवेगळी खाती केली. मला तरी आमचं काम ती खाती पुन्हा एकत्र करण्याचं वाटतं.

आणि घाट उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीला गेलात तर ठाकर समाजाच्या चामड्याच्या बाहुल्या दिसतील. मागे दिवा, पुढे पडदा, मध्ये सावली. आमच्यातले दोघंजण सावलीचं काम तिथे बघूनच शिकले.

४. सुरुवातीला इतका वेळ काळोखात का बसवता? नुसतं अंधारात बसायचे पैसे का द्यायचे?

तो वेळ तुमच्या डोळ्यांना लागतो. उजेडात आपण डोळ्यांतल्या शंकूपेशींनी बघतो. रंग आणि बारीक तपशील त्यांच्यामुळे कळतात. अंधारात काम दंडपेशींकडे जातं, पण त्यांना जागं व्हायला वेळ लागतो. शंकूपेशी आठ-दहा मिनिटांत अंधाराला जेवढ्या सरावायच्या तेवढ्या सरावतात, दंडपेशींना वीस ते तीस मिनिटं लागतात. तोवर रंगमंचावर मंद उजेडात ठेवलेलं शिल्प तुमच्यासाठी तिथे नसतंच. डोळे सरावले की ते हळूहळू वर येतं आणि पुष्कळ प्रेक्षकांना वाटतं की आम्ही दिवा वाढवला. दिवा तेवढाच असतो.

या उजेडात दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ज्याकडे बघायचं आहे त्याच्या जरा बाजूला नजर ठेवा. डोळ्याच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात, त्यामुळे थेट बघितलं की मंद वस्तू नाहीशी होते. दोन, मंद उजेडात लाल रंग आधी काळवंडतो आणि निळा-हिरवा त्या मानानं उजळ राहतो. दिवेलागणीला परसातली जास्वंद काळी पडते आणि शेजारची निळी गोकर्ण मात्र उठून दिसते, ते याचमुळे. एकोणिसाव्या शतकात पुरकिन्ये या चेक शास्त्रज्ञानं हे नोंदवलं. आम्ही एकाच शिल्पाचा एक भाग गेरूनं आणि दुसरा निळीनं रंगवतो. भर उजेडात गेरूची बाजू पुढे येते, अंधार वाढत गेला की निळी पुढे सरकते आणि शिल्पाचा तोल आपोआप बदलतो. दिव्यांची रचना तीच, शिल्प तेच.

याच कारणानं मोबाइल पूर्ण बंद करायला सांगतो. एकानं दोन सेकंद स्क्रीन उघडला तरी आसपासच्या सगळ्यांचे सरावलेले डोळे पुन्हा मागे जातात.

५. काळोखात एक बारीक लाल ठिपका तरंगत होता. तो दोऱ्यानं हलवता का?

नाही, तो खिळ्यासारखा स्थिर असतो. पूर्ण अंधारात एकच ठिपका असला की तो कशाच्या तुलनेत स्थिर आहे हे मेंदूला ठरवता येत नाही, आणि काही क्षणांत तो भटकायला लागतो. शेजारी दुसरा दिवा लागला की जवळजवळ लगेच जागेवर बसतो. शेजारच्याला तो डावीकडे गेलेला दिसला आणि तुम्हाला वर, तर दोघांचंही बरोबर आहे.

६. तो मोठा चेहरा माझ्याकडे वळून बघत होता. बायको म्हणते, तिच्याकडे बघत होता. आत मोटर आहे का?

मोटर नाही. तो चेहरा बाहेर आलेला नाहीच, आत गेलेला आहे. म्हणजे चेहऱ्याचा साचा, उलट्या बाजूनं तुमच्याकडे तोंड करून ठेवलेला. जन्मापासून आपण बघितलेले सगळे चेहरे बाहेर आलेले असतात, त्यामुळे नाक आत आणि गाल खोल अशी शक्यता मेंदू मानायलाच तयार होत नाही. तो खोलगट चेहरा बाहेर काढून दाखवतो. एकदा ते केलं की पुढचं आपोआप होतं. तुम्ही जागेवरून जरा डावीकडे झुकलात की चेहरा तुमच्या मागे वळल्यासारखा भासतो, आणि तो प्रत्येकाच्या मागे वळतो.

यात निम्मं काम प्रकाशाचं आहे. उजेड वरून येतो असं आपण गृहीत धरतो, कारण सूर्य वर असतो. खोल साच्यावर खालून दिवा टाकला की सावल्या अशा पडतात जणू बाहेर आलेल्या चेहऱ्यावर वरून उजेड पडला आहे. आम्ही एकच दिवा खालच्या बाजूला जमिनीलगत ठेवतो, पिवळसर, अगदी कमी. आधी दोन दिवे लावून बघितले होते, पण त्यांच्या सावल्या एकमेकींना खोडतात आणि भास ढिला पडतो. पहिली रांग लांब ठेवण्याचं कारणही हेच. फार जवळून दोन्ही डोळ्यांना खोली कळते आणि साचा साच्यासारखा दिसतो.

ही कल्पना कुंभार गल्लीत सुचली. गणपतीचा हंगाम संपल्यावर शाहूपुरीत, गंगावेशीत किंवा बापट कॅम्पात गेलात तर रिकामे साचे भिंतीला टेकवून ठेवलेले असतात. उन्हाची तिरीप आत पडली की त्यातले चेहरे बाहेर येतात. घरी बघायचं असेल तर जत्रेतला प्लास्टिकचा मुखवटा घ्या, आतली बाजू आपल्याकडे करून टेबलावर उभा करा, खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च खालून मारा, आठ-दहा फुटांवरून एक डोळा झाकून बघा आणि मग बाजूला चालत जा.

७. शिल्पातून आवाज येत होता की स्पीकरमधून? कधी मागून आल्यासारखा वाटला.

दोन्हींतून. एक लहान स्पीकर शिल्पाच्या पोटात असतो, मोठे दोन विंगांत. लहान स्पीकरचा आवाज तुमच्यापर्यंत आधी पोचेल आणि मोठ्यांचा पंधरा-वीस मिलिसेकंदांनी मागून येईल, असं जुळवलेलं असतं. इतक्या कमी अंतरानं आलेले दोन आवाज कान एकच धरतो आणि जो आधी आला त्याची जागा खरी मानतो, मागचा जास्त मोठा असला तरी. म्हणून सगळा आवाज शिल्पातून येतो असं वाटतं. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर. या हिशोबानं दर हॉलला टेप घेऊन मोजावं लागतं. लॅपटॉपवर जुळवलेलं हॉलमध्ये तसंच्या तसं लागू पडत नाही.

मागचं-पुढचं कळत नाही याचं कारण वेगळं. आवाज डावीकडे की उजवीकडे हे दोन कानांत तो पोचण्याच्या फरकावरून कळतं, आणि तो फरक जास्तीत जास्त एका मिलिसेकंदाच्या दोन-तृतीयांशाएवढा असतो. बरोबर समोरून किंवा बरोबर मागून आलेल्या आवाजात तो फरक नसतोच. अंधारात डोळ्यांची मदतही नाही. मान थोडी हलवा, लगेच कळेल.

शेवटच्या भागात एक क्षणभराचा दिवा दोनदा लागल्यासारखा दिसतो, त्याबद्दलही विचारतात. दिवा एकदाच लागतो, पण त्याच वेळी टकटक असा दोनदा आवाज येतो. कान डोळ्याला गळ घालतो आणि पुष्कळांना दोन दिवे दिसतात. हा परिणाम संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केला.

८. शिल्पं शाडूची की पीओपीची? प्रयोगांनंतर त्यांचं काय होतं?

नमुना शाडूत, साचा प्लास्टरमध्ये, प्रवासाला न्यायचं शिल्प कागदाच्या लगद्याचं. शाडू सुंदर आहे पण टेम्पोच्या धक्क्यानं तडकतो. लगद्यावर चुन्याची निवळी दिली की पृष्ठभाग मॅट राहतो. चकाकी नको असते, कारण चकाकी दिव्याची जागा सांगून टाकते. प्रयोग थांबले की लगदा भिजवून पुढच्या शिल्पात जातो.

९. प्रोजेक्टर लावून शिल्पावर व्हिडिओ टाकला तर किती भारी दिसेल! तसं का करत नाही?

भारी दिसेल, पण मग लोक व्हिडिओ बघतील. चित्र पडलं की शिल्प पडदा होतं आणि ज्या खोलपणासाठी ते घडवलं तो खोलपणाच जातो. स्वोबोदासारख्यांनी प्रक्षेपणाचं अप्रतिम काम केलं, त्याबद्दल दुमत नाही. आम्हाला सध्या दिवा, वस्तू आणि सावली यांतच खूप शोधायचं बाकी आहे.

१०. आमच्या कॉलेजला असा प्रयोग करायचा आहे. एलईडी चालतील की हॅलोजनच हवेत?

ज्या भागात दिवा अगदी शून्यातून वर यायचा आहे तिथे हॅलोजन घ्या. स्वस्त एलईडी दिवे डिमरवर पार खाली आणताना शेवटी टप्प्यानं विझतात, आणि आपलं सगळं नाटक त्या शेवटच्या पाच टक्क्यांत असतं. हॅलोजनची तार तापायला आणि निवायला वेळ घेते, उजेड उतरता उतरता तांबूस होतो, ते डोळ्याला गोड लागतं. वीज जास्त खातो आणि तापतो, त्यामुळे लगद्याच्या शिल्पापासून लांब ठेवा. बाकी रंगीत भागासाठी एलईडी उत्तम. जिलेटिन पेपर बदलत बसावं लागत नाही.

सामान विकत घेऊ नका, लाइटवाल्याकडून भाड्यानं आणा आणि पैसे सामानापेक्षा रंगीत तालमीवर घाला. हॉलचे दोन दिवस जास्त मिळाले तर दहा दिवे कमी चालतील.

११. मोठ्या नाट्यगृहात का करत नाही?

शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं तेव्हा गावातला प्रत्येक रंगकर्मी रस्त्यावर उभा राहून रडला. त्या वास्तूबद्दल आम्हाला सगळ्यांइतकंच प्रेम आहे. पण हे नाटक मोठ्या नाट्यगृहाचं नाही. साठ-सत्तर माणसं, नीट काळोख होईल अशी खोली आणि सगळ्यांना सारखं अंतर एवढंच लागतं. छोटा हॉल, गोदाम, शाळेचं सभागृह, हंगाम संपलेलं गुऱ्हाळघर चालतं. गुऱ्हाळघर मला सर्वांत आवडतं, उंच छप्पर आणि भिंतीत मुरलेला गुळाचा वास. अडचण अशी की ते रिकामं मिळतं पावसाळ्यात, आणि पत्र्यावर कोल्हापूरचा पाऊस सुरू झाला की प्रश्न ७ मधलं काहीच शिल्लक राहत नाही.

१२. मला फिट येतात / अर्धशिशी आहे. आलो तर चालेल का?

फिट्सचा त्रास असेल तर आधी कळवा आणि डॉक्टरांना विचारा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणारा प्रकाश आम्ही वापरत नाही, कारण त्यापुढे, विशेषतः पंधरा ते पंचवीसच्या आसपास, काही जणांना झटका येण्याचा धोका असतो. तरीही मध्येच अस्वस्थ वाटलं तर एका डोळ्यावर तळहात घट्ट ठेवा आणि मान फिरवा. नुसते डोळे मिटून पुरत नाही, पापणीतून उजेड जातो. अर्धशिशीवाल्यांनी कडेची खुर्ची घ्यावी, दारापाशी स्वयंसेवक असतो.

१३. पूर्ण काळोख हवा म्हणता, मग बाहेर जायच्या वाटेवरची हिरवी पाटी का झाकत नाही?

झाकणार नाही. ती पाटी, जिन्यावरचे दिवे आणि मोकळी वाट यांच्याशी तडजोड नाही. प्रश्न ११ मधली रात्र आठवा. प्रेक्षकांची पाठ त्या पाटीकडे येईल असा रंगमंच मांडतो, तेवढं पुरतं.

१४. माझे वडील पूर्ण अंध आहेत. त्यांच्यासाठी यात काही आहे का?

आहे, आणि त्यांना जरूर आणा. तिसऱ्या घंटेच्या अर्धा तास आधी या. शिल्पं हातानं बघू देतो, उलटा चेहरासुद्धा. बोटांना तो लगेच खोल लागतो, डोळसांसारखी फसगत होत नाही. आवाजाच्या भागात अंध प्रेक्षक आमच्या चुका सर्वांत आधी पकडतात आणि आम्ही त्या त्यांच्या सांगण्यावरून दुरुस्त करतो. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना लाकडी फळ्यांच्या भागात बसवतो, तिथे खर्जातला आवाज पायाला जाणवतो. दोन टकटकींचा भाग मात्र त्यांच्यापर्यंत तसा पोचत नाही आणि त्याला आमच्याकडे अजून पर्याय नाही. रंगांधळेपणा असेल तर गेरू-निळीचा बदल रंगापेक्षा उजेड-अंधाराचा म्हणून दिसेल, तोही पाहण्यासारखा आहे.

१५. लहान मुलं? उशीर झाला तर? फोटो?

सात-आठ वर्षांच्या पुढची मुलं आणा, पण अंधार असणार हे घरी सांगून ठेवा. उशिरा आलात तर पहिल्या भागात आत सोडत नाही, कारण दार उघडलं की प्रश्न ४ मधलं सगळं पुन्हा पहिल्यापासून. फोटो प्रयोगानंतर, सगळे दिवे लावून.

१६. शब्दच नाहीत, मग परिनिरीक्षण मंडळाला संहिता काय पाठवायची?

लिहूनच पाठवायची. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र मूकनाट्यालाही घ्या. आम्ही प्रसंगक्रम, प्रत्येक प्रसंगात काय दिसतं, काय ऐकू येतं आणि किती वेळ, असं साध्या मराठीत लिहितो. याचा एक फायदाही झाला. जे लिहिता येत नव्हतं ते पुष्कळदा आमच्याच मनात स्पष्ट नव्हतं. उघड्यावर प्रयोग असेल तर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद, त्यामुळे उन्हाळ्यात अंधार पडण्याची वेळ आणि दहा यांच्यात नाटक बसतं का ते आधी बघा.

१७. मध्येच वीज गेली तर?

जनरेटर ठेवत नाही, त्याची घरघर चालत नाही. हिरव्या पाट्या बॅटरीवर आहेत, त्या चालू राहतात. पाच मिनिटांत वीज आली तर तिथून पुढे सुरू करतो, कारण तुमचे डोळे अंधारालाच सरावलेले असतात. जास्त वेळ लागला तर पणत्या लावून शिल्पांमध्ये फिरवतो आणि तिकीट पुढच्या प्रयोगाला चालवतो.

१८. मला नटाचं काम हवंय. तुमच्याकडे नट लागतात का?

लागतात. शिल्प अंधारात हलवणारे, सावलीला हात देणारे, शिल्पांच्या रांगेत शिल्पासारखं स्थिर उभं राहून एकदाच श्वास घेणारे. हे शेवटचं सर्वांत अवघड आहे, दम आणि पाय दोन्ही लागतात, आणि तालमीत येणारी तालमीतली, म्हणजे आखाड्यातली, मुलं ते नाट्यशिबिरातल्यांपेक्षा लवकर शिकली. टाळ्या चेहऱ्याला मिळणार नाहीत हे आधी सांगतो. जमणार असेल तर रविवारी सकाळी तालमीला या. काळे, आवाज न करणारे कपडे घाला, बूट-चपला दाराशीच काढायच्या आहेत, आणि घड्याळाला रेडियमचे काटे असतील तर ते घरी ठेवा.